बॅककंट्री स्कीइंगचा प्लॅन: कॅलटोपोवरचा नकाशा नेमका वाचायचा कसा?

डेन्व्हरकर

नमस्कार मंडळी, कोलोरॅडोत किंवा आल्प्सजवळ राहणारे जे कोणी बॅककंट्रीत, म्हणजे रिसॉर्टच्या हद्दीबाहेरच्या मोकळ्या डोंगरात, स्की करतात त्यांना विचारायचं होतं. मी आणि बायको बरीच वर्षं रिसॉर्टमध्येच स्की करतोय, मागच्या सीझनला दोघांनी एआयएआरईचा (हिमस्खलनाचं शिक्षण देणारी अमेरिकन संस्था) लेव्हल १ कोर्स केला, बीकन (गाडलेल्याला शोधायचं रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं घेतलंय, त्याची प्रॅक्टिसही चालू आहे. आता या हिवाळ्यात इथल्या बर्थड पास या घाटाच्या आसपास सोप्या टूर करायच्या मनात आहेत.

आधी फॅटमॅप हे अॅप वापरायचो, त्यात थ्रीडीमध्ये डोंगर फिरवून बघता यायचा. ते २०२३ मध्ये स्ट्राव्हाने घेतलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता कॅलटोपो, गाया, ऑनएक्स या नकाशाच्या अॅपपैकी काय घ्यावं ठरत नाहीये. कोर्समध्ये कॅलटोपो दाखवलं होतं, स्लोप अँगलचे (उताराच्या कोनाचे) रंग चालू करा आणि सुरुवातीला ३० अंशांच्या खाली राहा, एवढं पक्कं लक्षात आहे. पण घरी लॅपटॉप उघडून बसलं की प्रश्न पडतात, म्हणजे जिथे रंग नाही तिथून रेघ ओढली की झालं का? ऑफिसातल्या मित्राने बर्थड पासजवळच्या सेकंड क्रीकची जीपीएक्स फाइल (जीपीएसने नोंदलेली वाट) दिलीय, ब्रूम हट नावाच्या झोपडीपर्यंत आणि तिथून वर, तो दर वर्षी जातो म्हणाला, ती जशीच्या तशी फॉलो करायची का? आणि तुम्ही लोक घरी बसून नकाशावर नेमकं काय काय बघता ते कोणी सविस्तर लिहिलं तर फार मदत होईल, कारण इंग्रजी फोरमवर सगळे एकमेकांशी अ‍ॅपवरूनच भांडतायत.

पावडरवेडी

आधी कोर्स केलात आणि दोघांनी केलात हे फार चांगलं झालं. अ‍ॅप कोणतं ते शेवटी बघू, ते खरंच दुय्यम आहे. तुमचा पहिला प्रश्न मात्र महत्त्वाचा आहे, त्यावर जरा लांब लिहिते.

कॅलटोपोचा रंग सांगतो तो तुमच्या पायाखालचा उतार. २७ अंशांपासून पिवळा, ३० ते ३४ नारिंगी, ३५ ते ४५ लाल, त्यावर जांभळा, निळा आणि ६० च्या पुढे काळा. स्लॅब अ‍ॅव्हलांच म्हणजे बर्फाचा अख्खा थर एकदम सुटून येतो ती हिमस्खलनं, बहुतेक ३० ते ४५ मध्ये सुटतात, त्यातही ३८ च्या आसपास सगळ्यात जास्त, म्हणून लाल पट्टा बघूनच पोटात गोळा यायला हवा. पण सुटतो तो बर्फ खाली येतो ना, आणि खाली जिथे येऊन थांबतो तिथे नकाशावर काहीच रंग नसतो. तुम्ही बर्थड पासला जाता तोच हायवे ४० घ्या. एम्पायर गावाच्या बाजूने चढताना स्टॅन्ली नावाचा अ‍ॅव्हलांच पाथ तो रस्ता ओलांडतो. २००७ च्या जानेवारीत तिथे दोन गाड्या रस्त्यावरून खाली फेकल्या गेल्या, नशिबाने माणसं वाचली. गाडीतल्या लोकांच्या चाकाखाली काही ३८ अंश नव्हते, ते हायवेवर होते, उतार होता डोक्यावर. त्यामुळे रेघ ओढून झाली की तिच्यावर बोट ठेवून हळूहळू पुढे सरका आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारा, इथे उभा राहिलो तर माझ्या वर काय आहे? मी तर प्रत्येक वळणावर हे करते आणि जिथे उत्तर लाल येतं तो तुकडा नकाशावर वेगळ्या रंगाने काढून ठेवते.

मग त्यातला किती भाग खरोखर टप्प्यात येतो हे बघायचं. त्यासाठी वरच्या उताराच्या माथ्यापासून तुमच्या रेघेपर्यंत सरळ लाइन काढा आणि तिचं प्रोफाइल (उंचीचा आलेख) उघडा, उंचीतला फरक आणि आडवं अंतर मिळेल. माथा १००० फूट वर आणि आडवं अंतर २००० फूट असेल तर तुमच्या जागेवरून माथ्याकडे बघायचा कोन होतो साधारण २७ अंश, म्हणजे तुम्ही चांगलेच मार्‍यात आहात. तेच ३००० फूट लांब असाल तर १८. मोठी अ‍ॅव्हलांच कधी कधी २० च्याही खाली जाऊन थांबतात, म्हणून मी २५ वगैरे आला की तिथे थांबून पाणी प्यायचं नाही, एकेकाने पार व्हायचं किंवा वाट बदलायची असं धरते. सोबत सॅटेलाइटचा लेयर लावा, दाट झाडीत वरून खालपर्यंत उभा मोकळा पट्टा दिसला, किंवा पट्ट्याच्या कडेला सगळी झाडं एकाच उंचीची कोवळी दिसली, तर तिथून बर्फ येऊन गेलाय. नकाशाच्या आकड्यापेक्षा झाडांचा पुरावा मला जास्त पटतो.

कोलोरॅडोत तर हे अजून गंभीरपणे घ्यायला हवं. आपल्याकडे सीझनच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडतो, वर कडाक्याची थंडी असते, त्याने बुडाशी साखरेसारखा सुटा थर तयार होतो आणि त्यावर नंतरचा सगळा बर्फ बसतो. असा थर असेल तर खालच्या सपाटीवर चालतानाही वरचा उतार सुटू शकतो, तुम्हाला लाल भागात पाय ठेवायचीही गरज नसते. २०२०-२१ च्या सीझनला या एका राज्यात १२ माणसं गेली. म्हणून ३० च्या खाली राहणं म्हणजे ३० च्या खाली आणि ३० च्या वरच्याशी न जोडलेलं, असं वाचा.

आता रंगांची दुसरी अडचण. ते कशावरून काढलेत बघा. बरेच ठिकाणी जमिनीच्या उंचीचा डेटा १० मीटरच्या चौकोनांचा असतो, चौकोनात एकच उंची, त्यात १०-१५ फुटांचा छोटा कडा किंवा अचानक तुटलेली कड विरघळून जाते आणि तिथे गुळगुळीत पिवळं दिसतं. जुन्या टोपो शीटवर डोंगरात कॉन्टूर, म्हणजे समान उंचीच्या रेघा, बहुतेक ४० फुटांच्या फरकाने, म्हणजे ३० फुटांचा कडा दोन रेघांच्या मध्ये आरामात लपतो. लायडारचा (विमानातून लेझरने मोजलेला) डेटा जिथे आहे तिथे एक मीटरपर्यंत तपशील मिळतो, कॅलटोपोत हाय रिझोल्युशन शेडिंग म्हणून बघा, फरक लगेच कळेल. आणि एक लक्षात घ्या, लायडारसुद्धा जमीन मोजतं, बर्फ नाही. वार्‍याने धारेपलीकडे भरलेला बर्फ, धारेवर लटकलेली कॉर्निस (बर्फाची पुढे आलेली कड), नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, साठलेला ढीग यातलं काही नकाशात नाही. आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, त्यामुळे पूर्वेकडे आणि ईशान्येकडे तोंड असलेले उतार भरतात, सीएआयसीच्या (कोलोरॅडोचं हिमस्खलन माहिती केंद्र) फोरकास्टमधलं, दिशेनुसार धोका दाखवणारं चक्र बघून तुमच्या रेघेजवळचा कोणता उतार कुठल्या दिशेला आहे ते ताडून बघायचं. फोरकास्ट रोज दुपारी साडेचारच्या सुमारास येतो, मी तो वाचल्याशिवाय दुसर्‍या दिवशीची रेघ पक्की करत नाही.

मित्राची जीपीएक्स फॉलो करू नका असं नाही म्हणत, पण ती फाइल म्हणजे एका दिवशी एक माणूस तिथून गेला एवढीच माहिती. त्या दिवशी बर्फ कसा होता, फोरकास्टमध्ये धोक्याचा १ ते ५ मधला किती नंबर होता, हे त्यात नाही. ती कॅलटोपोत इंपोर्ट करा, स्लोपचे रंग लावा, आणि तुमच्या नियमाने तपासा, जिथे बसत नाही तिथे पुसून स्वतः काढा. स्ट्राव्हाच्या हीटमॅपलाही हेच, जास्त लोक गेले म्हणून उतार सुरक्षित होत नाही.

झ्युरिकचा_पाहुणा

पावडरवेडी, फार छान लिहिलंत, वाचनखूण साठवली.

इकडे स्वित्झर्लंडमध्ये आमचं काम थोडं सोपं आहे कारण स्विसटोपो या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे अप्रतिम आहेत आणि त्यांचा बराचसा डेटा २०२१ पासून सगळ्यांना मोफत आहे. ३० अंशांच्या वरच्या उतारांचा लेयर, ठरलेल्या स्की टूरच्या वाटांचा लेयर, आणि तिसरा लेयर जो आपले लोक बघतच नाहीत तो म्हणजे वन्यप्राण्यांच्या शांत क्षेत्रांचा. हिवाळ्यात हरणं, डोंगरी कोंबड्या अगदी कमी ताकदीवर जगत असतात, त्यांना एकदा पळवलं की ती ताकद भरून येत नाही, त्यामुळे काही क्षेत्रांत जायला कायद्याने बंदी आहे आणि दंडही होतो. इकडे येणार असाल तर तो लेयर आधी चालू करा प्लीज.

रिस्कसाठी एसएलएफ या इथल्या हिमस्खलन संस्थेचं बुलेटिन संध्याकाळी ५ ला येतं, हिवाळ्यात सकाळी ८ ला पुन्हा. मी सुरुवातीला व्हेर्नर मुंटर या स्विस डोंगर-गाइडचा साधा नियम धरून प्लॅन करायचो, म्हणजे धोका २ असेल तर ४० अंशांच्या खाली, ३ असेल तर ३५ च्या खाली, ४ असेल तर ३० च्या खाली, आणि ५ असेल तर घरी. हा नियम ढोबळ आहे पण नकाशाबरोबर इतका छान बसतो की नवख्याला टेबलावर बसून अर्ध्याहून जास्त वाटा तिथल्या तिथे बाद करता येतात. स्कीटूरेनगुरू नावाची साइट हे काम आपोआप करते, त्या दिवशीचं बुलेटिन आणि उतार जोडून हजारो वाटांना हिरवा, केशरी, लाल रंग देते. मी ती वापरतो, पण कुठे जायचं ते शोधायला. त्यानंतर वाट स्वतः नकाशावर तपासतोच, कारण बुलेटिन एका मोठ्या प्रदेशाचं असतं आणि मी एका ठराविक नाळेच्या तोंडाशी उभा राहणार असतो.

वेळेचं गणितही मुंटरचंच वापरा. किलोमीटरमधलं अंतर अधिक चढाईचे मीटर भागिले १००, त्या बेरजेला ४ ने भागा, तेवढे तास. ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर ११ भागिले ४, म्हणजे पावणेतीन तास. थांबे वेगळे धरायचे. वसंतात हे फार कामाला येतं कारण पूर्वेकडच्या उतारावर ऊन लवकर येतं, बर्फ ओला व्हायच्या आत खाली यायचं तर निघायचं किती वाजता, हे उलटं मोजत यावं लागतं. कॅलटोपोत उन्हाचाही लेयर आहे ना बहुतेक?

पावडरवेडी

हो आहे, सन एक्स्पोजर म्हणून. तारीख आणि वेळ टाकली की कुठल्या उतारावर ऊन आहे ते दिसतं, एप्रिल-मेमध्ये मी त्याशिवाय निघत नाही. आणि दर काही दिवसांनी येणारे सेंटिनेलचे सॅटेलाइट फोटोही आहेत, १० मीटरचे आहेत म्हणजे बारीक काही दिसत नाही, पण बर्फ कुठपर्यंत उरलाय, खालची वाट उघडी पडलीय का, हे कळतं.

सह्यभटक्या

मी पुण्याचा, सह्याद्रीत ट्रेक करतो, स्की फारसं येत नाही पण गुलमर्गला ग्रुप घेऊन जायचा विचार चाललाय, दोघं-तिघं त्यातले चांगले स्की करतात आणि गोंडोलाच्या (केबल कारच्या) दुसर्‍या टप्प्यावरून अफरवट शिखराकडे जाऊन रिसॉर्टच्या बाहेर उतरायचं म्हणतायत. वर लिहिलेलं सगळं तिकडे चालेल का? आम्ही एरवी कोणाची तरी जीपीएक्स घेतो, फोनमध्ये टाकतो आणि निघतो, नाळ कुठे आहे, सोंड (डोंगराची उतरती धार) कुठे उतरते एवढं कॉन्टूरवरून कळतं.

जीआयएसवाला

याचं उत्तर मी देतो, नकाशाचा डेटा हेच माझं रोजचं काम आहे.

कॉन्टूरवरून नाळ आणि सोंड ओळखता येते म्हणजे तुमचा पाया पक्का आहे, हे खूप लोकांना येत नाही. पण काश्मीरमध्ये स्लोपच्या रंगांवर तेवढा विश्वास टाकू नका. कारण तिकडे सगळ्यांना उपलब्ध असलेला उंचीचा डेटा बहुतेक ३० मीटरचा आहे, एसआरटीएम किंवा कोपर्निकस या अवकाशातून केलेल्या मोजणीतला. हिशोब करून बघा, १५ मीटरचा तुकडा ४० अंशांचा आहे आणि पुढचे १५ मीटर सपाट आहेत, तर ३० मीटरच्या चौकोनात दोन्ही मिळून येतात २३ अंश. म्हणजे ज्या कडेवर स्लॅब सुटू शकतो ती नकाशावर बिनरंगाची! तेव्हा तिकडे नकाशाने लाल दाखवलं तर नक्की माना, आणि नकाशाने काही दाखवलं नाही तर काहीच ठरवू नका. जागेवर इनक्लिनोमीटरने (कोन मोजायच्या साधनाने) मोजा, स्की पोल उताराच्या दिशेने वरून खाली टेकवून त्यावर फोन ठेवला तरी बर्‍यापैकी अंदाज येतो, पण हे मोजायला धोक्याच्या उतारावर जायचं नाही, शेजारच्या तशाच छोट्या सुरक्षित उतारावर मोजायचं.

दुसरं म्हणजे तिकडे अमेरिकेसारखं प्रत्येक नाळेचं निरीक्षण ऑनलाइन मिळत नाही. डीआरडीओची डीजीआरई ही संस्था, आधीची मनालीची सासे, हिमस्खलनाचे इशारे देते, पण ते जिल्ह्यासारख्या मोठ्या भागाचे असतात. गुलमर्गच्या स्की पेट्रोलशी प्रत्यक्ष बोला, कुठला भाग उघडा आहे कुठला बंद हे त्यांना विचारा, आणि स्थानिक गाइड घ्याच. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटच्याच उतारावर पोलंडचे दोन स्कीअर हिमस्खलनात गेले. गोंडोलातून बसल्या बसल्या वर पोचतो म्हणून ती जागा रिसॉर्ट वाटते, पण दोरीच्या बाहेर पडलात की पूर्ण बॅककंट्री आहे.

आणि दोन गोष्टी ज्या आधी कोणी सांगत नाही. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागतं, म्हणून सगळे नकाशे पुण्यातच ऑफलाइन उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून खरंच उघडतायत का ते तपासा. गार्मिन इनरीचसारखं सॅटेलाइट यंत्र परदेशातल्या कोणा नातेवाइकाकडून मागवून नेऊ नका, भारतात परवानगीशिवाय ते बाळगणं बेकायदेशीर आहे. ज्यांना स्की फारसं येत नाही त्यांनी पहिल्या टप्प्याखालच्या उतारांवरच थांबावं असं माझं स्पष्ट मत आहे, ग्रुपचा आग्रह झाला तरी.

सह्यभटक्या

३० मीटरवालं गणित डोक्यात बसलं, खूप आभार. ग्रुपवर हा धागा टाकतो, अफरवटचं सध्या बाजूला ठेवतोय, आधी कोर्स बघतो.

डेन्व्हरकर

सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रात्री बसून हे सगळं केलं. मित्राची फाइल इंपोर्ट केली, हाय रिझोल्युशनचे रंग लावले. पार्किंगपासून हटपर्यंत साधारण मैलभर अंतर आणि ७०० फूट चढ, मुंटरने पंचावन्न मिनिटं येतात, आम्ही नवीन म्हणून दीड तास धरलाय. झाडीतला भाग ठीक वाटतो, पण फाइल हटच्या पुढे खोर्‍यात जाते आणि तिथे डाव्या-उजव्या बाजूला वर लाल पट्टे आहेत, एका ठिकाणी लाइन काढून बघितली तर कोन २९ आला, म्हणजे फाइलमधली वाट मार्‍यातूनच जाते. ती वाट पुसली. आता प्लॅन असा की हटपर्यंत जायचं, तिथे बसून खायचं, आणि झाडीतूनच खाली यायचं, त्याच्या वर जायचंच नाही. बायको म्हणते की फोरकास्ट २ असेल तरी असंच करायचं आणि १ असेल तरीही, पहिल्या वेळी. हे जास्त घाबरल्यासारखं होतंय का? आणि प्लॅनमध्ये काय राहिलंय?

पावडरवेडी

अजिबात नाही, बायकोचं ऐका. फोरकास्ट बघून वर जायचं की नाही हे तिथे थंडीत, दुसरे लोक वर जाताना दिसत असताना ठरवायला लागलात तर मन वर ओढतं, घरी उबेत ठरवलेलं जास्त शहाणपणाचं असतं. आणि २९ चा कोन तुम्ही स्वतः शोधलात, म्हणजे जमतंय तुम्हाला.

राहिलेलं सांगते. परत फिरायची वेळ नकाशावरच लिहून ठेवा, किती वाजता, कुठेही असलो तरी. एक पर्यायी जागा असू द्या, समजा पार्किंग भरलंय किंवा वारा फार आहे तर काय, नाहीतर ऐनवेळी शेजारच्या अनोळखी नाळेत शिरायचा मोह होतो. बर्थड पासवरच जुनं स्की एरिया होतं, २००१ मध्ये बंद झालं, त्यामुळे तिथे खूप गर्दी असते आणि लोकांना ते अजून रिसॉर्टसारखंच वाटतं, पण तिथे आता कोणी बर्फ तपासत नाही, कोणी दोर लावत नाही, त्यामुळे तो पर्याय ठेवलात तर त्याचीही रेघ अशीच तपासून ठेवा. प्लॅनची लिंक घरी कोणाला तरी पाठवा, परतायच्या वेळेसकट.

कॅलटोपोचं साधं काम ब्राउझरमध्ये फुकट भागतं, फोनवर ऑफलाइन नकाशे घ्यायला पैसे भरावे लागतात, तेवढे भरा. गाया किंवा ऑनएक्स आधीच घेतलं असेल तर तेही चालेल, स्लोपचे रंग तिन्हीत आहेत. एक कागदी प्रिंट प्लास्टिकच्या पिशवीत घालून तुमच्या दोघांकडे एक-एक असू द्या, थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते. फोन आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा, पण बीकनपासून २० सेंटिमीटर लांब, आणि शोधायची वेळ आली तर ५० सेंटिमीटर, फोनमुळे बीकनला अडथळा येतो आणि गाडलेल्या माणसाकडे पहिली दहाच मिनिटं असतात.

सेकंड क्रीकचं पार्किंग छोटं आहे, शनिवार-रविवारी लवकर पोचा. आणि आल्यावर सीएआयसीच्या साइटवर ऑब्झर्वेशन टाका, दोन ओळी आणि एक-दोन फोटो पुरतात, किती बर्फ होता, वारा कुठून होता, पायाखाली (आतला थर बसल्याचा) धप्प असा आवाज आला का, कुठे ताजं सुटलेलं दिसलं का. काही दिसलं नाही असंही लिहा, तेसुद्धा फोरकास्ट करणार्‍यांना हवं असतं.